माणशी एक डॉलर : टेरी फॉक्स रनचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी एक दौड झाली. आयोजन समितीत मीही होतो. गर्दी चांगली जमली, थंडी बेताची होती, पोलिसांनी रस्ता वेळेवर मोकळा करून दिला. आठवड्याने हिशेबाला बसलो. टी-शर्ट, पदकं, मांडव, स्पीकर, केळी, पाण्याच्या बाटल्या, प्रमुख पाहुण्यांची शाल-श्रीफळं आणि चौकाचौकातले फ्लेक्स. सगळं वजा जाता उरलेला आकडा खजिनदारांनी कागदावर लिहिला, कागद उलटा ठेवला आणि चहा सांगितला. त्यावर कुणी काही बोललं नाही. मुख्य प्रायोजक असलेल्या एका खाजगी रुग्णालयाचं नाव मात्र सातशे टी-शर्टांच्या छातीवर होतं, आणि रुग्णालयाचा जाहिरात विभाग आमच्यावर बेहद्द खूश होता.

त्या चहानंतर मी टेरी फॉक्स रनचं प्रकरण नीट वाचायला घेतलं. कर्करोगात पाय गमावलेल्या टेरी फॉक्स या तरुणाच्या नावाने कॅनडात दर सप्टेंबरमध्ये ही दौड होते, ‘लेबर डे’नंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) दुसऱ्या रविवारी. १९८१ पासून तिने कर्करोग संशोधनासाठी ८५ कोटी कॅनेडियन डॉलरांहून जास्त पैसा उभा केला आहे. हिला प्रवेश शुल्क नाही. किमान इतकं दान आणा अशी अट नाही. वेळ मोजत नाहीत, त्यामुळे पहिला-दुसरा-तिसरा असा प्रकारच नाही. टी-शर्टवर प्रायोजकांची जाहिरात नाही. आमच्या समितीतला कुणीही विचारील, मग हिचं चालतं कशावर?

ती चालते वर्गणीवर. हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो, आणि तो का बसतो हे कळायला सुरुवात एका गुडघ्यापासून करावी लागते.

खेळताना लागलं असेल

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ चा, मॅनिटोबातल्या विनिपेगचा. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम या गावात. सायमन फ्रेझर विद्यापीठात तो शरीर-हालचालींचं शास्त्र शिकत होता आणि तिथल्या कनिष्ठ बास्केटबॉल संघात होता. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याची गाडी एका पिकअप ट्रकला मागून धडकली. गाडीचं वाटोळं झालं, त्याला फक्त उजव्या गुडघ्याला मुका मार लागला. डिसेंबरात गुडघा पुन्हा दुखायला लागला. हंगाम चालू होता, म्हणून दुखणं तसंच दाबून खेळत राहिला. मार्चमध्ये दुखणं असह्य झालं तेव्हा तपासणी झाली आणि हाडाचा कर्करोग निघाला : ऑस्टिओसार्कोमा. ९ मार्च १९७७ रोजी उजवा पाय गुडघ्याच्या सुमारे १५ सेंटीमीटर वरून कापला. वय १८.

या आजाराची मेख नेमकी इथे आहे. ऑस्टिओसार्कोमा दुर्मीळ आहे, दहा लाखांत वर्षाला तीन-चार जणांना होणारा. पण तो बहुतेक वेळा गाठतो ते वाढीच्या वयातल्या मुलांना, आणि सर्वांत जास्त वेळा गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतो तेव्हा कोणत्याही घरात एकच वाक्य ऐकू येतं : खेळताना लागलं असेल. मग तेल, शेक, क्रेप बँडेज, एखादा मालिशवाला. कॅनडातल्या मुलाने अपघाताला बोल लावला, आपल्याकडचा कबड्डीला लावतो. रात्री झोपेतून उठवणारं, आठवडे लोटले तरी न हटणारं आणि सुजेसह असलेलं गुडघ्याचं दुखणं असेल तर साधा एक्स-रे काढा, एवढी ओळ आमच्या दौडीच्या फ्लेक्सवर लिहिली असती तरी एक काम झालं असतं. फ्लेक्सवर जागा होती, ती पाहुण्यांच्या फोटोंनी भरली.

पाय कापल्यावर टेरीला सोळा महिने केमोथेरपी घ्यावी लागली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की अशा रुग्णाची जगण्याची शक्यता आता पन्नास टक्के आहे, दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के होती. हा फरक वरवरचा नव्हता. त्याआधी अवयव कापूनही बहुतेक मुलं दगावत, कारण निदान होईपर्यंत रोगाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिणग्या फुप्फुसात पोचलेल्या असत. सत्तरच्या दशकात बोस्टनमधल्या नॉर्मन जॅफी आणि इतर डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचे प्रचंड डोस देऊन, मागोमाग उतारा म्हणून दुसरं औषध देऊन, त्या ठिणग्या विझवता येतात हे दाखवलं. जोडीला डॉक्सोरुबिसिन आलं. पंधराचे पन्नास झाले ते एवढ्यावर. टेरीने त्यातून एक सरळ व्यवहारी गोष्ट उचलली : संशोधनाला पैसा मिळाला की मुलं वाचतात, आणि आपल्या देशात त्यासाठी फार थोडा पैसा खर्च होतो. वॉर्डात शेजारच्या खाटांवर मुलं जाताना त्याने पाहिली होती. त्याला राग आला होता, आणि त्या रागाचं त्याने पुढे काय केलं ते ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं होतं. त्यात डिक ट्रॉम या कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या धावपटूवर लेख होता. टेरीने चौदा महिने सराव केला. १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज इथल्या शर्यतीत तो शेवटचा आला. त्यानंतर त्याने घरी सांगितलं की आपण अख्खा कॅनडा धावून पार करणार.

दोन उड्या आणि एक पाऊल

त्याचं धावणं कसं होतं हे चित्रफितीत पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला असे. धावताना गुडघ्याच्या स्प्रिंगला मूळ जागेवर यायला वेळ लागे, म्हणून टेरी चांगल्या पायावर दोनदा उडी मारी आणि मग कृत्रिम पाय टाकी. टक-टक-ठप, टक-टक-ठप. दर पावलाला दोन उड्यांचा भार एका पायावर, आणि कापलेल्या टोकाचं घर्षण नळकांड्यात. तिथे फोड येत, गाठी येत, रक्त येई. तो म्हणे, वीसेक मिनिटं धावलं की दुखण्याचा उंबरठा ओलांडता येतो.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिलं. सोसायटीला शंका होती, आणि ती रास्तच होती. त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली आढळली होती. सोसायटीने दोन अटी घातल्या : हृदयतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा, आणि प्रायोजक तुम्हीच शोधा. त्याने शोधले. फोर्डने गाडी दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन, आदिदासने बूट. हे सांगायचं कारण असं की टेरी काही कंपन्यांच्या नावानेच बोटं मोडणारा नव्हता. गाडी लागते, तेल लागतं, बूट झिजतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ज्या कंपन्यांनी आमच्या मालाची जाहिरात करशील का असं विचारलं त्यांना त्याने परत पाठवलं, आणि अटी घालून येणारी देणगी नाकारली. या धावण्यातून कुणाचाही नफा होता कामा नये, ही त्याची एकच अट होती.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे निघाला. सोबत गाडी चालवायला मित्र डग अल्वर्ड. पहिले दिवस वादळाचे, पावसाचे आणि बर्फाचे गेले. रोज मॅरेथॉनभर, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर, पहाटेच्या अंधारात सुरू करायचं. रस्त्यावर कुत्रं नाही. नोव्हा स्कोशिया येईपर्यंत दोघे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. धावणाऱ्याला वाटे हा माझी काळजी घेत नाही, गाडीवाल्याला वाटे हा मला नोकर समजतो. शेवटी मध्यस्थ म्हणून टेरीचा सतरा वर्षांचा भाऊ डॅरेल गाडीत येऊन बसला. पुतळे उभारताना लोक असले तपशील गाळतात. मला मात्र या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत ओळखीचा वाटला. चार माणसांची समिती असो की दोघांची, तिसऱ्या आठवड्यात भांडण होतंच, आणि तेव्हा मध्ये बसणारा एक डॅरेल लागतो.

पोर्ट ओ बास्क

न्यूफाउंडलंडच्या पश्चिम टोकाला पोर्ट ओ बास्क नावाचं बंदर आहे. बोटीने मुख्य भूमीवर जाण्याचं ठिकाण. वस्ती तेव्हा सुमारे दहा हजार. या गावाने टेरीच्या हातात दहा हजारांहून जास्त डॉलर ठेवले.

सुरुवातीला त्याच्या मनातलं उद्दिष्ट होतं दहा लाख डॉलर. इथे ते बदललं. दहा हजार माणसांचं एक कोळ्यांचं गाव माणशी एक डॉलर देऊ शकतं, तर दोन कोटी चाळीस लाखांचा देश का देणार नाही? पुढे सगळीकडे त्याने हाच हिशेब मांडला : प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर.

आपल्याकडे गणपतीच्या आधी पावती पुस्तक घेऊन पोरं फिरतात, ते हेच. घरटी ठरलेली वर्गणी. श्रीमंताने जास्त दिली तर नाव फळ्यावर चढतं, पण न देणाऱ्या घराची रुखरुख गल्लीला जास्त असते. वर्गणीत रकमेपेक्षा मोजणी महत्त्वाची, किती घरांनी दिली याची. देणगीत देणारा मोठा होतो आणि प्रायोजकत्वात दिसणारा. वर्गणी देणारा आपण यातले आहोत एवढंच म्हणतो, पण पुढच्या वर्षी मांडवात उभा राहून हिशेब विचारायचा हक्क त्याला त्यातूनच मिळतो. अलीकडे आपल्या मंडळांनीच हा धडा सोडून कमानी विकायला घेतल्या आहेत. पण तो विषय वेगळा, आणि त्यावर बोललं की माझ्याच गल्लीत मला ऐकून घ्यावं लागतं.

वर्गणी सगळीकडे सारखी जमली असंही नाही. फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतात तिघांपैकी कुणाला धड फ्रेंच येत नव्हतं. तिथे पैसा अगदी कमी जमला, मोटारवाले त्याला रस्त्यावरून खाली लोटत आणि तो वैतागून गेला. भाषा येत नसेल तर वर्गणी मागता येत नाही, एवढा साधा मुद्दा.

याच सुमाराला फोर सीझन्स हॉटेल्सचे इसाडोर शार्प मोहिमेत आले. टेरीची शस्त्रक्रिया झाली त्यानंतर वर्षभराने त्यांचा मुलगा त्वचेच्या कर्करोगाने गेला होता. त्यांनी मैलामागे दोन डॉलर द्यायचं कबूल केलं आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसंच करायचं आवाहन केलं. म्हणजे मोठा पैसाही आला, तो आपलं नाव टेरीच्या छातीवर न चढवता. ओंटारियोत तर लोकांचा पूर लोटला. टोरोंटोच्या चौकात दहा हजार माणसं जमली आणि एका दिवसात लाख डॉलर गोळा झाले. हॉकीपटू बॉबी ऑर याने पंचवीस हजारांचा धनादेश हातात दिला.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराच्या अलीकडे धावताना टेरीला खोकल्याची उबळ आली आणि छातीत कळ उठली. रस्त्याकडेला लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून तो आणखी काही मैल धावला, मग गाडीत बसला आणि दवाखान्यात न्यायला सांगितलं. रोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. पॅसिफिक महासागर अजून फार दूर होता.

त्यानंतर आठवड्याभरातच सीटीव्ही वाहिनीवर पाच तासांचा कार्यक्रम झाला आणि एक कोटी पाच लाख डॉलर जमले. त्यात ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारियो या प्रांतांच्या सरकारांचे प्रत्येकी दहा लाख होते. फेब्रुवारी १९८१ मध्ये एकूण रक्कम दोन कोटी एकेचाळीस लाख सत्तर हजार डॉलर झाली. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटी एकेचाळीस लाख होती. माणशी एक डॉलर पुरा झाला. २८ जून १९८१ रोजी टेरी गेला, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना.

तारेतून ठरलेले नियम

टेरी अंथरुणावर असतानाच शार्प यांनी त्याला तार पाठवली : तुझ्या नावाने दरवर्षी दौड भरवू. टेरीने होकार दिला, पण शर्यत नको म्हणाला. कुणी जिंकणार नाही, कुणी हरणार नाही. धावा, चाला, सायकल चालवा, बाळाला गाडीतून ढकलत न्या. पहिली दौड १३ सप्टेंबर १९८१ ला झाली. ७६० ठिकाणी तीन लाख लोक आले आणि पस्तीस लाख डॉलर जमले.

आमच्या समितीला मी हे सांगितलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, “पदक नसेल तर येणार कोण?” प्रश्न बरोबर आहे. पण पदक काढलं की त्याबरोबर काय काय निघून जातं ते बघा. वेळ मोजणारी चिप, ती पुरवणारी कंपनी, गटवार निकाल, निकालावरचे वाद, बक्षिसाची रक्कम, ती द्यायला प्रायोजक, त्याच्यासाठी कमान. आमच्या खर्चाच्या यादीतली निम्मी कलमं एका पदकाच्या दोरीला लोंबकळत होती. टेरीला हा हिशेब मांडायचा नव्हता, त्याला फक्त स्पर्धा नको होती. पण स्पर्धा नसल्याने दौड स्वस्त झाली, आणि स्वस्त झाल्याने ती तीन-चारशे वस्तीच्या गावातही भरवता आली. शाळांना तर ती विशेष परवडली. कॅनडात दोन डॉलरच्या नाण्याला ‘टूनी’ म्हणतात. सप्टेंबरात शाळेची मुलं टेरीसाठी टूनी घेऊन येतात आणि मैदानाला फेऱ्या मारतात. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे राहणाऱ्या मराठी घरांत हा महिना गणपतीचाही असतो, त्यामुळे एकाच आठवड्यात मुलाच्या दप्तरात टूनी आणि आईच्या पिशवीत मंडळाच्या वर्गणीचं पाकीट, असं घडतं. टेरी फॉक्स कोण हे त्या मुलांना पहिलीतच कळतं.

नियम टिकवण्याचं श्रेय बरंचसं टेरीच्या आईला, बेटी फॉक्स यांना. त्यांना भाषणाची सवय नव्हती, तरी २०११ मध्ये वारल्या तोवर त्या शाळाशाळांतून बोलत फिरल्या, आणि मुलाचं नाव कुठल्याही मालाला चिकटू नये यावर त्यांची करडी नजर होती. १९८८ मध्ये दौडीचं काम कॅन्सर सोसायटीपासून वेगळं होऊन स्वतंत्र न्यासाकडे आलं. भारतातही ही दौड पोचली आहे, चेन्नईच्या आयआयटीच्या आवारात ती भरते.

माझी एक शंका इथे नोंदवतो. बोधचिन्हाविना दौड ही चैन टेरीच्या नावामुळे परवडते, ज्याचं चित्र नाण्यावर आलं आणि ज्याचं नाव पाच डॉलरच्या नव्या नोटेसाठी २०२४ मध्ये जाहीर झालं. आमच्या गावाकडे असं नाव नाही. तरी पोर्ट ओ बास्कने दहा हजार डॉलर दिले तेव्हा टेरीही नावाजलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

दोन गल्ले

आता शिष्यवृत्तीकडे. टेरीच्या नावाने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही मिळते, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ती दौडीच्या पैशातून जाते. तसं नाही. १९८२ मध्ये कॅनडा सरकारने पन्नास लाख डॉलरचा निधी वेगळा काढून टेरी फॉक्स ह्युमॅनिटेरियन अवॉर्ड सुरू केला. समाजासाठी काम केलेले, अडचणींवर मात केलेले, अभ्यासात चांगले आणि खेळाची आवड असलेले तरुण विद्यार्थी त्याला पात्र. नूतनीकरण होत होत ती चार वर्षांपर्यंत, पहिली पदवी होईपर्यंत, चालू शकते. गुणवत्ता यादीतला पहिला असण्यापेक्षा तो काय माणूस आहे हे पाहून दिली जाणारी शिष्यवृत्ती.

दोन्ही पैशांचा स्वभावच वेगळा आहे, म्हणून गल्ले वेगळे असणं महत्त्वाचं. शिष्यवृत्तीला मुद्दल लागतं. मुद्दल बँकेत, व्याज मुलांना. एकदा मुलाला पहिल्या वर्षी पैसे दिले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाऊस पडला, दौडीला गर्दी आली नाही, असं सांगून चालत नाही. पोरगं वसतिगृहात बसलेलं असतं. संशोधनाचा पैसा मात्र दरवर्षी जमेल तसा, तज्ज्ञांनी प्रस्ताव तपासून वाटता येतो. एखाद्या वर्षी कमी आला तर एक प्रकल्प कमी मंजूर होईल. ज्या दौडी दोन्ही कामं एकाच पेटीतून करायला जातात त्यांचं एका ओल्या रविवारी कोडं होतं. आमचं गर्दी जमूनही झालं. मागच्या वर्षी व्यासपीठावरून दोन मुलींच्या शिक्षणाचा खर्च जाहीर करून बसलो होतो. या वर्षीचा हप्ता शेवटी समितीतल्या चौघांनी खिशातून भरला.

आणि या आजारात संशोधन आणि शिक्षण हे दोन विषय एकमेकांपासून फार लांब नाहीतच. ऑस्टिओसार्कोमा येतो तो दहावी-बारावीच्या वयात. १९४१ पासून चालू असलेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विदर्भातून, बिहारातून, बंगालमधून अशी मुलं येतात. उपचार महिनोन्महिने चालतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. तिथे व्हरांड्यात चूल नाही तर स्टोव्ह, शेजारी औषधांची पिशवी, आणि डोक्यावरचे केस गेलेला, पायाला प्लास्टर असलेला एखादा मुलगा मोबाइलवर गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका बघत असतो. त्याचं वर्ष बुडालेलं असतं, वडिलांची मजुरी बुडालेली असते, धाकट्या बहिणीची शाळाही बहुतेक सुटलेली असते. पोरगं बरं झालं तरी घर दोन पिढ्या मागे जातं. म्हणून शिष्यवृत्ती रुग्णापुरती न ठेवता त्याच्या भावंडांनाही द्यावी, असं मला वाटतं.

पैसा कुठे गेला

हाडाच्या कर्करोगाने गेलेल्या मुलाच्या नावाचा पैसा हाडाच्या कर्करोगावर किती खर्च झाला? हा प्रश्न मला अवघड वाटला होता, उत्तर साधं निघालं. टेरीने एका प्रकारापुरता पैसा मागितलाच नव्हता. त्याच्या नावाची व्हँकूव्हरमधली टेरी फॉक्स प्रयोगशाळा १९८१ मध्ये उभी राहिली, आणि कॉनी ईव्हज यांच्यासारख्या शास्त्रज्ञांमुळे ती जगभर ओळखली गेली ते रक्ताच्या मूळपेशी आणि ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरच्या कामासाठी. २००७ मध्ये टेरी फॉक्स रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या पुढाकाराने देशभरातली कर्करोग केंद्रं एकमेकांशी जोडून रुग्णांची जनुकीय माहिती एकत्र वापरायची योजना आखली गेली, आणि त्यासाठी २०१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पंधरा कोटी डॉलरची तरतूद केली. दुर्मीळ आजाराला खरी गरज याचीच असते. एका शहरात वर्षाला चार रुग्ण आले तर त्यावरून काही कळत नाही. चाळीस शहरांचे एकत्र केले तर आकृती दिसू लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टेरीला सांगितलेले पन्नास टक्के आज रोग पसरलेला नसेल तर साठ-सत्तरच्या घरात आहेत. फुप्फुसात पोचल्यावर सापडला तर शक्यता वीस-तीस टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. मुख्य औषधं बरीचशी सत्तर-ऐंशीच्या दशकांतलीच आहेत : मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन. चाळीस वर्षं आणि एवढा पैसा जाऊन या एका आजारात औषधांची उडी पुन्हा तशी पडलेली नाही.

बदलली ती शस्त्रक्रिया. आज टेरीसारख्या मुलाचा पाय बहुतेक वेळा वाचतो. हाडाचा रोगट तुकडा काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. परदेशी सांधा आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून टाटा रुग्णालयाने देशी बनावटीचा, कितीतरी कमी किमतीचा सांधा वापरात आणला. केमोतही तिथल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचे ते प्रचंड डोस वगळले, कारण त्यासाठी रक्तातली पातळी सतत तपासत राहावी लागते आणि खाटाही अडकतात. त्याऐवजी डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि इफॉस्फामाइड यांची पद्धत त्यांनी बसवली, जी आपल्या गर्दीत निभावते. हेही संशोधनच. आमच्या गावच्या दौडीचे पैसे नव्या औषधांच्या शोधाला पुरणार नाहीत, पण अशा एखाद्या पाहणीत रुग्णाला तपासणीसाठी पुन्हा परळला येण्याचं रेल्वे भाडं देता येईल. रुग्ण मध्येच उपचार सोडून गावी गेला की त्याच्यापुरती पाहणी तिथेच तुटते, आणि तो बहुधा भाड्यापायीच परत येत नाही.

आमची बैठक

परवा पुन्हा बसलो. या वर्षी पावती पुस्तकं छापायची ठरली आहेत, दोन रंगांची. पांढरी उपचार-संशोधनासाठी, पिवळी शिक्षणाच्या मुद्दलासाठी. मुद्दल अमुक एका रकमेला पोचेपर्यंत एकाही मुलाचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं नाही, हे कार्यवृत्तात लिहून घेतलं. घरटी वीस रुपये. पदक नाही. शाल-श्रीफळ नाही, यावर थोडी कुरबुर झाली. फ्लेक्स एकच, त्यावर गुडघ्याचं चित्र आणि एक्स-रेची ओळ. जिल्ह्यातल्या एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांनी ती ओळ तपासून दिली आणि स्वतःच्या पावतीचे वीस रुपये सुटे नव्हते म्हणून चहावाल्याकडून उसने घेतले.

टी-शर्ट मात्र अडले आहेत. त्या रुग्णालयाचा फोन आला होता. या वर्षी नाव छातीवर नको, पाठीवर चालेल, अक्षर लहान ठेवू, म्हणतात. खजिनदारांचं म्हणणं, पाठ म्हणजे काही छाती नव्हे. मी म्हटलं, टी-शर्टच कशाला, ज्याने त्याने घरचा घालून यावं. त्यावर मतदान पुढच्या रविवारी आहे.